अण्णांच्या खोलीतले अकरा डाग

“...मग एवढं धुतल्यावर वास राहतो तरी कुठे, चाचा?”

व्हरांड्याच्या पायरीवर बसून रसूलचाचा आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून होते. डोळे मिटलेले.

निशिकांत थांबला. थांबायला तो आता शिकला होता. आठ महिन्यांत चाचांकडून तो एवढंच शिकला, असं त्याची बायको म्हणायची.

चाचांची ही रीतच होती. परक्या घरात नाक घालायच्या आधी ते आपला हात हुंगत. आपला वास आधी ओळखून बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर जिथे जाऊ तिथे तोच येतो, असं ते म्हणत. कामाच्या दिवशी चहा नाही, पान नाही, सकाळपासून पोटात काही नाही.

रसूलचाचा मूळचे अत्तरवाले. मिरजेत उरुसात पेटी मांडून बसायचे. बाटलीतल्या अत्तराचे दिवस सरले, पण नाक सरलं नाही. मग लोक त्यांना घरं दाखवायला न्यायला लागले. घर घ्यायच्या आधी, विकायच्या आधी. ओल कुठे आहे, उंदीर कुठे मेलाय, माळ्यावर वटवाघूळ आहे का, मांजरानं कुठे घाण केली. चाचा नुसतं बसून सांगत.

निशिकांत स्थापत्यातला पदविकाधारक. त्याच्या कार्डावर ‘घरपरीक्षक’ असं छापलेलं होतं. ओल मोजायचं यंत्र होतं, भिंतीतली सळई शोधायचं यंत्र होतं. नाक तेवढं नव्हतं. ते शिकायला तो चाचांकडे आला.

आणि गेल्या महिन्यात त्यानं एक बत्ती मागवली होती. जांभळ्या उजेडाची. त्या उजेडात मुताचे जुने डाग पिवळे-हिरवे चमकतात. ती आल्यापासून त्याला मनातल्या मनात वाटायला लागलं होतं, की आता नाक शिकायची तेवढी गरज राहिलेली नाही.

“चला,” चाचा उठले. “मालक कुठायत?”

मालक फाटकाजवळ उभे होते. धन्यकुमार त्यांचं नाव. पन्नाशीचे, बंगळुरात मोठ्या नोकरीत. हे घर त्यांच्या वडिलांचं. आदगोंडा अण्णांचं. मिरजेबाहेरच्या नव्या प्लॉटात एकटं उभं असलेलं बैठं घर, दोन्ही बाजूंना नुसतं गवत. अण्णा तिथे एकटे राहत. एकटे म्हणजे, ते आणि त्यांचं कुत्रं.

अण्णा फेब्रुवारीत गेले. आता मे चालू होता.

“दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली,” धन्यकुमार म्हणाले. “दोघंही म्हणाली, वास येतो. मला तर काही येत नाही. फिनेल झालं, पावडर झाली, भिंतींना दोनदा रंग झाला. तुम्ही बघा, आणि फरशी उकरायची असेल तर तसं सांगा. उकरून टाकू.”

“आत येता ना?” चाचांनी विचारलं.

“तुम्ही व्हा पुढे. मी इथे आहे.”

चाचांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग विचारलं, “कुत्रं केवढं होतं?”

“लहानच. ठेंगू नाव. गुडघ्यालाही लागायचं नाही.”

“घरात करायचं?”

“छे हो! एक थेंब नाही कधी. अण्णा फार शिस्तीचे. पहाटे, दुपारी, संध्याकाळी बाहेर न्यायचे. ते कुत्रंही त्यांच्यासारखंच. दार उघडेपर्यंत कळ काढायचं.”

“पाण्याचं भांडं?”

“इथे. व्हरांड्यात. आत पाणी सांडलेलं अण्णांना चालायचं नाही.”

“आता कुठाय ते?”

धन्यकुमारांनी मान फिरवली. “अण्णांच्या मागं चार दिवसांत गेलं.”

चाचा आत गेले. निशिकांत मागोमाग.

पुढची खोली मोठी होती. शहाबादी फरशी, जुनी, सांध्यांत सिमेंट भरलेली. एका भिंतीला रिकामी लोखंडी खाट. समोरच्या भिंतीत पुढच्या दाराजवळ एक कोनाडा, त्यात फोनच्या चार्जरची वायर अजून लोंबत होती. आतल्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. मोरी, संडास मागच्या अंगणात. बस्स, एवढंच घर.

“खिडकी लाव,” चाचा म्हणाले. “दार ओढून घे.”

निशिकांतनं खिडकीला चादर अडकवली. भर दुपारी खोलीत अंधार झाला. चाचांनी तांब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन फरशीवर शिंपडलं. इथे, तिथे, भिंतीच्या कडेनं. मग खाली बसून वाट बघू लागले.

वाळलेला वास झोपलेला असतो, पाणी लागलं की उठतो. हे निशिकांतला पहिल्या दिवशीच सांगून झालं होतं. पण आज त्याला धीर नव्हता.

“बत्ती लावू?”

“लाव की. एवढी आणलीयस.”

निशिकांतनं बत्ती लावली. सगळी खोली एकदम निळी-पांढरी झाली. फरशी चमकली, भिंतीची कड चमकली, खाटेचे पाय चमकले.

“बाप रे!” तो म्हणाला. “सगळीकडे केलंय, चाचा! एक फरशी सोडलेली नाही! ही उकरायलाच लागणार.”

“अंगावर बघ.”

निशिकांतनं खाली पाहिलं. त्याचा पांढरा सदरा सगळ्यांत जास्त झळकत होता.

“सगळ्यात मोठा डाग तुझाच दिसतोय, इंजिनेर. सकाळी निघताना विसरलास का काय?”

निशिकांत ओशाळला. साबणाची पावडर. ती या उजेडात चमकते. कामवालीनं फरशी घासली ती त्याच पावडरीनं, आणि बायकोनं सदरा धुतला तोही.

“निळं सोड,” चाचा म्हणाले. “मळकट पिवळं शोध. आणि गुडघ्यावर बस. उभं राहून सापडत नाही ते.”

निशिकांत गुडघ्यांवर बसला. मग त्याला दिसायला लागले. निळ्या उजेडाच्या खालून, दगडात मुरलेले. पिवळट, कडेला गडद. पहिला पुढच्या दाराशी. दुसरा त्याला खेटून. तिसराही दाराशीच.

“दाराशी तीन,” तो म्हणाला.

“बोट फिरव.”

त्यानं बोट फिरवलं. बाकी फरशी गुळगुळीत, आणि तेवढीच जागा खरखरीत लागली.

“मुतानं दगड खाल्लाय,” चाचा म्हणाले. “वास तिथे राहतो. तू मघाशी विचारलंस ना... पुढे चल.”

खिडकीखाली दोन. स्वयंपाकघराच्या दाराशी एक. भिंतीच्या कडेनं खाटेकडे येताना आणखी दोन. सगळे तळहाताएवढे पसरलेले. मग खाटेपासून चार हातांवर एक छोटा, वाटीएवढा. त्याच्याजवळ आणखी एक, त्याहून लहान. शेवटचा खाटेपासून दोनच हातांवर. तो जेमतेम लिंबाएवढा होता, पण तिथे वाकल्यावर निशिकांतच्याही नाकात गेला. जाड, तिखट.

“अकरा,” तो म्हणाला. “आठ मोठे, तीन लहान. हे शेवटचे तीन.”

“कशावरून शेवटचे?”

“कुत्र्याला पाणी मिळालं नाही की थोडं करतं, आणि ते घट्ट असतं. वास जास्त.”

“हां...”

चाचांचा हा ‘हां’ निशिकांतला क्वचितच मिळायचा. त्याला हुरूप आला. तो मांडी घालून बसला आणि बोलायला लागला.

“म्हणजे बघा, चाचा. शिस्तीचं कुत्रं. दार उघडलं असतं तर त्यानं आत केलंच नसतं. ज्या दिवशी दार उघडलं नाही, त्या दिवसापासून हे सुरू झालं. आधी दाराशी. मग खिडकीखाली. कळ काढून काढून करणारं, म्हणजे दिवसाला दोनदा धरू. आठ मोठे म्हणजे चार दिवस. तीन लहान म्हणजे वर दीड दिवस. साडेपाच दिवस हे दार बंद होतं!”

चाचांनी आणखी थोडं पाणी शिंपडलं.

“अण्णा सापडले कधी, ते विचारतो थांबा.” त्यानं दाराच्या फटीतून हाक दिली. “साहेब! अण्णा कुठल्या दिवशी सापडले?”

बाहेरून आवाज आला. “शुक्रवारी. सकाळी. आमच्या जैन बस्तीतले, मंदिरातले उपाध्ये आले होते. त्यांना वाटत होतं, अण्णा माझ्याकडे बंगळुराला गेलेत. म्हणून आधी कोणी आलं नाही.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“दोन दिवस झाले असावेत म्हणाले. बुधवारी. झटक्यात गेले म्हणाले. त्रास नाही.”

निशिकांत मागे वळला. अंधारात त्यानं बोटांवर मोजलं. शुक्रवार, गुरुवार, बुधवार...

“जुळत नाही, चाचा. बुधवारी झटक्यात गेले, तर मंगळवारी दार का उघडलं नाही? सोमवारी का नाही? डाग रविवारपासून आहेत.”

“बोल.”

“म्हणजे शनिवारी रात्रीच काहीतरी झालं. अण्णा पडले. उठता आलं नाही. पण...” तो थबकला. त्यानं बत्ती पुन्हा त्या आठ मोठ्या डागांवरून फिरवली. सगळे सारखे. तळहाताएवढे. “पण मग हे चार दिवस मोठे कसे? पाण्याचं भांडं तर बाहेर होतं. दार बंद. पाणी नसतं तर दुसऱ्या दिवसापासूनच डाग बारीक झाले असते.”

“विचार त्यांना.”

“साहेब! आत पाणी कुठे असायचं?”

“स्वयंपाकघरात. त्याला संध्याकाळी कडी लावायचे अण्णा, उंदरांमुळे. सापडले तेव्हाही कडी लावलेलीच होती... आणि खाटेखाली एक कळशी असायची. रात्री प्यायला.”

“कळशी भरलेली होती?”

“नाही. आडवी पडली होती. रिकामी.” बाहेरचा आवाज जरा हळू झाला. “अण्णा तिथेच खाली होते. खाटेजवळ. हातापाशी एक ताटली होती. पोलीस म्हणाले, जेवत असतील.”

निशिकांतनं बत्ती खाटेकडे वळवली.

कळशीचं तोंड अरुंद. कुत्र्याचं डोकं तिच्यात जात नाही.

ताटलीत पाणी कोणीतरी ओतलं होतं. खाली पडून, एका हातानं कळशी कलती करून. रविवारी. सोमवारी. मंगळवारी. बुधवारपर्यंत. मग मोठे डाग संपले.

आता काय झालं, ते बघा. निशिकांतच्या अंगावर काटा आला, पण त्या काट्याच्या खाली, अगदी खाली, त्याला आनंदही झाला. त्यानं शोधून काढलं होतं. डॉक्टरला कळलं नाही, पोलिसाला कळलं नाही, ते त्यानं फरशीवरून वाचलं होतं.

“चाचा,” तो कुजबुजला, “चार दिवस जिवंत होते ते.”

चाचांनी खाटेजवळची फरशी हातानं चाचपली. सावकाश, लहान मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

“इथे बत्ती मार.”

निशिकांतनं मारली. एक पुरुषभर लांब जागा. तिथे एकही कुत्र्याचा डाग नव्हता. अकरा डागांतला एकही तिथे गेला नव्हता.

“बघ,” चाचा म्हणाले.

“काय बघू? इथे काहीच नाही.”

“तेच बघ.”

निशिकांतनं पाहिलं. त्याच्या आनंदाचा तो बारीकसा निखारा तिथे विझला.

दार कुरकुरलं. धन्यकुमार उंबऱ्यावर उभे होते. आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरचं ऊन त्यांच्या मागून आत येत होतं आणि फरशी पुन्हा साधी, राखाडी झाली होती.

“सापडलं?”

“सापडलं,” निशिकांत म्हणाला.

“उकरायला लागेल?”

“नाही. म्हणजे... बघू.”

धन्यकुमारांनी चौकट धरली. “इंजिनिअरसाहेब, तुम्ही वार विचारत होता. ते कळतं का यातून? दार किती दिवस बंद होतं, ते?”

निशिकांतनं चाचांकडे पाहिलं. चाचा खाटेच्या पायाला पाठ लावून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“का हो?” निशिकांतनं विचारलं.

“सहज.” धन्यकुमारांनी आत, खाटेकडे पाहिलं. “आमचं शनिवारी बोलणं झालं होतं फोनवर. बोलणं म्हणजे... मी म्हणालो, अण्णा, पुरे झालं, या इकडे. आमच्या अपार्टमेंटात कुत्रं चालत नाही, ते द्या कुणाला तरी. ते म्हणाले, देत नाही. मी म्हणालो, मग बसा त्यालाच घेऊन.”

त्यांनी चौकटीवरचा हात बदलला.

“रविवारी सकाळी मी फोन केला. दोनदा. त्यांनी उचलला नाही. मला वाटलं, रागावलेत. रागावले की असंच करायचे. मी म्हटलं, राहू दे, राग उतरला की करतील. मग मी पुन्हा केलाच नाही.” त्यांची नजर चाचांकडून निशिकांतकडे वळली. “बुधवारी गेले ना ते? म्हणजे रविवारी रागावलेलेच होते. हो ना?”

कोनाड्यातली वायर वाऱ्यानं हलत होती. खाटेपासून कोनाडा सात-आठ पावलांवर होता.

निशिकांतला अचानक तो माणूस फार म्हातारा वाटला. आपल्या बापाच्या वयाचा. चौकटीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

तो उठला. बत्ती खिशात घातली.

“दोनच दिवस, साहेब,” तो म्हणाला. “तीन डाग आहेत. बुधवार-गुरुवारचे. डॉक्टर म्हणाले तसंच. रविवारी ते चांगले होते. रागावलेलेच असणार.”

धन्यकुमारांचे खांदे खाली आले. छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. निशिकांतला त्या श्वासानं बरं वाटलं. आपण फार शिकलो आज, असं त्याला वाटलं. नुसतं शोधायचं नसतं, हे शिकलो.

“अकरा आहेत,” चाचा म्हणाले.

निशिकांतनं झर्रकन मान वळवली. “चाचा!”

“अकरा आहेत, मालक. या इकडे. चप्पल काढा आणि या.”

“चाचा, अहो...”

“तू गप बस.”

धन्यकुमार उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. इतका वेळ, की निशिकांतला वाटलं, हा माणूस आता परत फिरणार. मग त्यांनी चपला काढल्या. आत आले.

चाचा गुडघ्यांवर सरकत दाराशी गेले. धन्यकुमारांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं, पहिल्यांदा अक्षर गिरवायला शिकवताना पोराचं घेतात तसं, आणि फरशीवर ठेवलं.

“खरखरीत लागतं?”

“हो.”

“हा रविवार.”

धन्यकुमारांनी बोट उचललं नाही.

चाचांनी ते पुढे नेलं. “हाही रविवार. संध्याकाळचा.” पुढे. “सोमवार.” खिडकीखाली. “सोमवार. मंगळवार.” स्वयंपाकघराच्या दाराशी. “मंगळवार. पाणी तिथे असतं, हे त्याला ठाऊक होतं.” भिंतीच्या कडेनं. “बुधवार... बुधवार.”

एक म्हातारा आणि एक उतारवयाचा माणूस, दोघं रांगत होते. निशिकांत भिंतीला टेकून उभा होता. त्याला बाहेर जावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते.

“हे मोठे आहेत, कारण त्याला पाणी मिळत होतं,” चाचा म्हणाले. “ताटलीत. तुमच्या अण्णांनी दिलं. हे तीन लहान. तेव्हा द्यायला कोणी नव्हतं.”

मग त्यांनी ते बोट सोडलं आणि धन्यकुमारांचा पूर्ण तळवा खाटेजवळच्या जागेवर ठेवला.

“इथे?”

“गुळगुळीत आहे,” धन्यकुमार म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“इथे त्यानं एकदाही केलं नाही.”

धन्यकुमार तिथेच बसले. मग कुशीवर झाले. मग आडवेच झाले, त्या जागेवर, गाल फरशीला लावून. तिथून त्यांनी समोर पाहिलं. कोनाड्याकडे.

“तिथे होता फोन,” ते म्हणाले. “चार्जिंगला. तिथेच असायचा.”

त्यांनी पडल्यापडल्याच तिकडे हात लांबवला.

“वाजलेला ऐकू आला असेल त्यांना?”

निशिकांतनं डोळे मिटले. नाही म्हणा, चाचा. आता तरी नाही म्हणा.

“आला असेल,” चाचा म्हणाले.

...

बऱ्याच वेळानं धन्यकुमार उठून बसले. सदऱ्याची एक बाजू फरशीवर शिंपडलेल्या पाण्यानं ओली झाली होती. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. बाही नाकापाशी थांबली.

“येतो वास,” ते म्हणाले. “येतोच आहे. फेब्रुवारीपासून. बंगळुरातही येतो.”

“हां,” चाचा म्हणाले.

“जाईल का हो?”

“फरशी उकरायला नको. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. काथ्यानं घासायचं, जागेवर भिजवून ठेवायचं, पुन्हा घासायचं. आठ-दहा दिवस लागतील. दगडातला तरी जाईल.”

“कामवालीला सांगतो.” मग त्यांनीच मान हलवली. “नाही. मीच करतो. रजा आहे मला... पहिल्या दिवशी कुठून धरू?”

“दारापासून,” चाचा म्हणाले.

धन्यकुमारांनी स्वयंपाकघराची कडी काढली. आत भांड्यांचा आवाज झाला, नळ सुटला. पातेलं भरत होतं.

चाचांनी तांब्या उचलला आणि ते निघाले. निशिकांतनं चादर काढून खिडकी उघडली, घडी खाटेवर ठेवली आणि त्यांच्यामागून बाहेर पडला. फाटकापर्यंत त्यानं स्वतःला आवरलं. गवताच्या कडेनं कच्च्या रस्त्यावर आल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

“चाचा, हे काय केलंत तुम्ही?”

चाचा चालत राहिले.

“नाही, मला सांगा. तो माणूस मोकळा झाला होता. श्वास सोडला त्यानं, मी डोळ्यांनी बघितला. आज रात्री झोपला असता. आणि तुम्ही त्याचं बोट धरून... वार मोजून... अहो, कसायानंसुद्धा असं केलं नसतं!”

चाचांचा वेग तोच.

“अण्णा गेले. कुत्रंही गेलं. आता कुणाला काय मिळणार होतं त्यातून? एवढंसं खोटं बोललो मी. माझी विद्या, माझी बत्ती, सगळं बाजूला ठेवून बोललो. मला सांगता आलं असतं की मीही! मीच शोधलं होतं ना ते?”

“तूच शोधलंस,” चाचा म्हणाले.

“मग! तरी सांगितलं नाही. कारण मला त्यांच्याकडे बघवेना. समोर उभं राहवेना. दुसरा कोणी असता तर अकराच्या अकरा त्यांच्या तोंडावर फेकले असते. मी दया केली, चाचा.”

रसूलचाचा थांबले. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी निशिकांतकडे पाहिलं... आज पहिल्यांदाच, नीट.

“कोणावर?”